उत्तरे पान सातवर

ताइफकडे चढणाऱ्या हदाच्या घाटाचं पहिलं वळण आलं आणि अब्बांनी उजवा पाय खाली दाबला. ब्रेक माझ्या पायाखाली होता, त्यांच्या पायाखाली नुसती रबराची मॅट. पण ज्या माणसाने या घाटात तीस-बत्तीस वर्षं स्वतः गाडी चढवली, त्याच्या पायाला कोण समजावणार. पुढच्या वळणावर त्यांनी परत दाबला. मी गाडी जरा हळू घेतली.

परवा त्यांचं विमान. जेद्दाहून मुंबई आणि तिथून रत्नागिरीकडचं आमचं गाव, कायमचं. पूर्वी यासाठी पासपोर्टावर शिक्का बसायचा, आता फोनवर अरबीत मेसेज येतो की तुमची एक्झिट मंजूर झाली. अब्बांनी तो मेसेज मला वाचायला दिला, स्वतःच्या नाकावर चष्मा असताना.

"खलास?" मी विचारलं.

"खलास," ते म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

मी चार दिवसांची रजा काढून आले होते. मी राहते देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, रास अल खैरला. तिथे समुद्राचं पाणी गोडं करतात, आणि ते किती गोडं झालं हे मी लॅबमध्ये बसून तपासते. दिवसभर तपासणं हेच माझं काम. जेद्दाला यायचं म्हणजे आधी गाडीने दम्माम, मग विमान, त्यामुळे वर्षातून दोनदा यायचे. अम्मी गेली त्याला आता चौदा महिने झाले, त्यानंतरही दोनदाच आले. हे मी काही मोठेपणाने सांगत नाही.

खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. घर आवरताना नाही, अम्मीचे दुपट्टे शेजारणीला देताना नाही, अब्बांना निरोप द्यायला दुकानातली माणसं आली तेव्हाही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि गाल आपला असून आपला राहत नाही, तसं माझं चौदा महिने चाललं होतं. फक्त एक गोष्ट मला हवी होती, आणि ती हवी आहे एवढं मात्र नीट कळत होतं. जाण्याआधी अब्बांनी मला एक प्रश्न विचारावा. कसलाही. मधमाशीचा, चंद्राचा, मुंगीचा. सोळा वर्षांत त्यांनी एकही विचारला नव्हता, आणि ते माझ्यामुळे.

म्हणून तर घाटमाथ्यावरच्या ताइफला जायचं मी काढलं. ते म्हणाले, "कशाला पेट्रोल जाळतेस?" मी म्हटलं, "शेवटचं एकदा बघून येऊ." भाड्याची गाडी मी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती.

आम्ही लहान होतो तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. आम्ही अल अझीझियाला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, खाली एक इस्त्रीवाला आणि एक रोटीची भट्टी. गुरुवारी पहाटे फजरची नमाज झाली की अम्मी तव्यावर घावनं टाकायची. नारळाचा रस, तांदळाचं पीठ आणि भट्टीवरून वर येणारा गरम रोटीचा वास हे सगळं एकत्र नाकात गेलं की मला आणि सनाला कळायचं, आज ताइफ. सना माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती पायात चप्पल घालून अंथरुणातच बसून राहायची, कुणी विसरून जाईल या भीतीने. घावनं केळीच्या पानात गुंडाळावीत असं अम्मीला वाटायचं, पण जेद्दात केळीचं पान कुठून आणणार, ती फॉइलमध्ये गुंडाळायची आणि दर वेळी कुरकुरायची. थर्मासात वेलचीचा चहा, एका पिशवीत संत्री, एका डब्यात खजूर.

आमची गाडी पांढरी होती, जुनी, मागच्या सीटला उन्हाने भेगा पडलेल्या. बसलं की मांडीला टोचायचं. अब्बा बसायच्या आधी चारही टायरांना लाथ मारून बघायचे. मग प्रवासाची दुआ. मग मक्केच्या रस्त्यावर ती रेहलीच्या आकाराची मोठी कमान यायची, कुराण ठेवतात तशी, आणि कमानीखालून गाडी गेली की अब्बा रेडिओ बंद करायचे. बस. तिथून पुढे त्यांचं राज्य.

"तयार काय गो?"

"तयार," आम्ही दोघी.

अब्बा नळांच्या दुकानात स्टोअरकीपर होते. कुठला वॉशर कुठल्या कप्प्यात हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. शिक्षण नववीपर्यंत. पण त्या रस्त्यावर ते कोण व्हायचे ते मला आजही सांगता येणार नाही. आवाज बदलायचा. मान ताठ. प्रश्न टाकायच्या आधी घसा साफ करायचे आणि अम्मी म्हणायची, "झालं, आले साहेब."

"मधमाशीला डोळे किती?"

सना म्हणायची, "टू."

"काय? मला ऐकू नाय आलं."

"टू, अब्बा."

"या गाडीत वारा फार आहे, काय ऐकूच येत नाय."

मग सना डोळे फिरवून म्हणायची, "दोन." तेव्हा कुठे वारा थांबायचा. हा त्यांचा नियम होता, उत्तर आपल्या भाषेत. 'बटरफ्लाय'ला काही नाही, 'फुलपाखरू'ला एक बी. गुण म्हणजे खजुराच्या बिया. अम्मी पुढे बसून खजूर खायची आणि बिया डब्याच्या झाकणात टाकायची, जिंकलेल्या बिया एका बाजूला माझ्या, दुसऱ्या बाजूला सनाच्या. स्टीलच्या झाकणात बी पडली की टण्ण वाजायचं. प्रश्न जास्त झाले की अम्मीला खजूर जास्त खावे लागायचे आणि ती म्हणायची, "अवो, सोपे विचारू नका, माझं पोट फुटेल."

शाळेत आम्ही इंग्रजी बोलायचो, मैत्रिणींत हिंदी, बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानात, मोडकीतोडकी अरबी. घरी अम्मीने मराठीत विचारलं तरी आम्ही हिंदीत उत्तर द्यायचो आणि तीही सोडून द्यायची. गाडीत मात्र सुटका नव्हती. सुसर, कासव, खवले, सोंड, उंटाची मदार, पाऊण, अडीच, भरती, ओहोटी हे सगळे शब्द मला त्या रस्त्यावर मिळाले. आज हे मी लिहिते आहे ते त्या मागच्या सीटवरचं मराठी आहे. गावच्या शाळेत मी एक दिवस गेलेली नाही.

मक्का जवळ आली की अब्बा आपसूक गप्प व्हायचे. अम्मी पदर सारखा करायची, ओठ हलायचे. अराफातचं मैदान मागे पडलं की पुन्हा घसा साफ. मग समोर डोंगर उभा राहायचा, काळा, वितळून थिजलेला, आणि त्यावर रस्त्याची वळणं. घाट सुरू झाला की इंजिन तापू नये म्हणून अब्बा एसी बंद करायचे. काचा खाली. पहिली दहा मिनिटं भट्टीचा वारा तोंडावर यायचा, संत्र्याच्या सालींचा वास, कुणाच्या तरी ब्रेकचा जळका वास, चहाचा वास. मग एका वळणावर कानांना दडे बसायचे आणि वारा एकदम गार व्हायचा. त्या वळणाला सना "आलं" म्हणायची. कुठलं वळण ते तिला कसं कळायचं, कोण जाणे. वर माकडं रस्त्याच्या कठड्यावर ओळीने बसलेली असायची, मोठ्या आयाळीची, वरातीला आल्यासारखी. सीझनमध्ये गुलाबाच्या टोपल्या, नाहीतर डाळिंबं.

आणि अब्बांची उत्तरं. ती नुसती उत्तरं नव्हती. मधमाशीला डोळे दोनच, पण एक फुलासाठी आणि एक घराचा रस्ता बघण्यासाठी. ऑक्टोपसला हृदयं आठ, एकेका हाताला एक, म्हणून त्याचा एक हात तुटला तरी बाकीचे जगतात. चंद्रावर आवाज ऐकू येतो काय? येतो, पण उशिरा. आज हाक मारली तर उद्या पोचते. मी हे मागच्या सीटवर ऐकायचे आणि मला ते दिसायचं. चंद्रावर एक माणूस, काल कुणीतरी मारलेली हाक आज ऐकून वळून बघतोय.

प्रश्न कुठून येतात ते आम्हाला माहीत होतं. गावाहून कुणी आलं की सामानात आमसुलं, कुळथाचं पीठ, सुका बांगडा, आणि हे सगळं मराठी पेपरांत गुंडाळलेलं. पुडा उघडला की अम्मी मासळी बघायची आणि अब्बा कागद. "लोकं बांगडा खातात, हे बांगड्याचा कागद खातात," असं अम्मी आलेल्या पाहुण्यांनाही सांगायची. अब्बा कागद नीट उलगडून एसीपुढे वाळवायचे. मग कात्री घेऊन कोड्यांचं, सामान्यज्ञानाचं चौकोनी सदर कापायचे आणि एका वहीत चिकटवायचे. ती वही गाडीच्या दारातल्या कप्प्यात. तिला हात लावायचा नाही. "पेपर फुटतो," अब्बा म्हणायचे. आम्ही कधी लावला नाही. वहीला बांगड्याचा वास यायचा तो मागच्या सीटपर्यंत.

मी पंधरा वर्षांची होते. शाळांमधली प्रश्नमंजुषा होती, मी आमच्या शाळेच्या संघात. घरात लग्न निघाल्यासारखी धावपळ. अब्बांनी मला फोन घेऊन दिला, इंटरनेटवाला, तयारीसाठी म्हणून. मी फार काही तयारी केली नाही. मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. लहानपणापासून दर गुरुवारी हेच तर केलं.

अब्बा अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आले होते. तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, उंटाच्या मदारीत काय असतं. मी सगळ्यांच्या आधी बझर दाबला आणि म्हटलं, "वॉटर." विचारणाऱ्या बाईंनी मला एक संधी दिली, "शुअर?" मी अब्बांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, हसत, अगदी खात्रीने. मी म्हटलं, "शुअर." सगळा हॉल हसला. रोज येता-जाता उंट बघणाऱ्या गावात मी उंटाच्या पाठीवर पाण्याची टाकी ठेवली होती. दुसऱ्या शाळेच्या मुलाने सांगितलं, फॅट, आणि ते जिंकले. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून अब्बाही टाळ्या वाजवत होते.

घरी येताना ते म्हणाले, "दुसरा नंबर काय कमी नाय."

पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी आम्ही ताइफला निघालो. कमान गेली, रेडिओ बंद झाला. घाटात अब्बांनी विचारलं, चंद्रावर आवाज ऐकू येतो काय. सनाने नेहमीचं सांगितलं, येतो, उशिरा. अम्मीने बी टाकली. मी म्हटलं, "थांबा." आणि फोन काढला.

घाटात रेंज येते-जाते. मी फोन खिडकीला लावून धरला. एक कांडी आली. मी वाचलं आणि म्हटलं, "चूक. चंद्रावर आवाज ऐकू येतच नाही." मग ऑक्टोपस. "चूक. तीन." मग मधमाशी. "चूक. पाच." कोणी विचारलं नव्हतं. मी आठवून आठवून एकेक काढत होते, रेंज गेली की पुढच्या वळणाची वाट बघत होते, आणि मिळालं की मोठ्याने सांगत होते. अम्मी म्हणाली, "बस कर गो." मी बस केलं नाही. शेवटी मी म्हटलं, "यू जस्ट मेक थिंग्ज अप."

इंग्रजीत म्हटलं. मुद्दाम. मला हवं होतं की त्यांनी म्हणावं, वारा फार आहे, ऐकू नाय आलं. काचा खालीच होत्या, वारा होताच. पण त्यांनी ऐकलं.

"असेल," ते म्हणाले. आणि रेडिओ लावला. अरबीत फुटबॉलचं काहीतरी चाललं होतं. अम्मीने झाकणातल्या बिया खिडकीतून बाहेर टाकल्या आणि झाकण डब्यावर घट्ट लावलं.

आता खेळायचं नाही असं कुणी म्हटलं नाही. पुढच्या वेळी कमान आली, गेली, रेडिओ चालूच राहिला. एवढंच. वही दाराच्या कप्प्यातून कधी गेली मला कळलं नाही. अम्मीने एकदा प्रयत्न केला. म्हणाली, "अवो, मासे झोपतात काय?" अब्बा म्हणाले, "मुलींना विचार. त्यांच्याकडे फोन आहे." हे ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधेपणाने बोलले. त्यानंतर आम्ही कितीतरी वेळा ताइफला गेलो, डाळिंबं आणली, गुलाबपाणी आणलं, माकडांना फुटाणे टाकले. आमच्यापैकी प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं आणि गाडीत बोलण्यासारखं काही नसायचं. मग माझं कॉलेज, सनाचं लग्न, ती बहरैनला. मग नोकरी, माझं त्या किनाऱ्याला जाणं. मग अम्मी.

काल सामान आवरताना वही सापडली. टाकायच्या ढिगात होती, जुन्या चार्जरच्या वायरी आणि औषधांच्या रिकाम्या डब्यांखाली. वास अजून होता. मी जमिनीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती उघडली. अब्बा आतल्या खोलीत झोपले होते.

प्रत्येक कात्रणाखाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, उत्तरे पान सातवर. कुठे पान नऊवर, कुठे पान अकरावर. मी पानं उलटत गेले. प्रश्न, प्रश्न, प्रश्न, आणि खाली उत्तरे पान सातवर. पान सात कुठल्याच पुड्यात आलं नव्हतं. ते दुसऱ्या कुणाच्या बांगड्याभोवती दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असणार, नाहीतर गावातच चुलीत. मग अब्बांनी काय करायचं? त्यांनी निळ्या पेनाने स्वतःच लिहिलं होतं. 'दोन. एक फुलासाठी, एक घरासाठी.' खाली एक ओळ मोकळी सोडून 'सनाला आवडेल.' ऑक्टोपसखाली खाडाखोड होती, आधी चार, मग सहा, मग आठ.

आणि प्रत्येक निळ्या उत्तरावर एक सरळ रेघ. खाली काळ्या शाईत दुसरं उत्तर. पाच. तीन. आवाज ऐकू येत नाही, हवा नाही. उंटाच्या पानावर, चरबी, आणि पुढे 'मिसरी मास्तरांना विचारले'. दुकानात नळ घ्यायला एक इजिप्तचे शिक्षक यायचे, ते मला आठवले. अब्बा काउंटरवर वही उघडून त्यांना एकेक प्रश्न अरबीत समजावून सांगताहेत, आणि ते हातातला नळ बाजूला ठेवून उत्तर देताहेत, असं मला दिसलं. वहीच्या शेवटपर्यंत काळी शाई होती. मी सवयीने तपासत गेले. सगळी बरोबर होती. त्यांनी सगळी तयारी केली होती आणि मग कुणी त्यांना तयार काय म्हणून विचारलं नाही.

मला तेव्हाही काही झालं नाही. मी वही माझ्या बॅगेत ठेवली आणि वायरी कचऱ्यात टाकल्या.

आज कमान आली तेव्हा मी रेडिओ बंद केला. अब्बांनी माझ्याकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे. मक्का मागे गेली, अराफात मागे गेलं. मी घसा साफ करून बघितला. काही नाही. घाटाच्या मध्यावर मी म्हटलं, "अब्बा, काहीतरी विचारा ना."

"काय विचारू?"

"पूर्वी विचारायचात तसं."

"आता काय, सगळं फोनात आहे."

"मी ती वही बघितली."

"टाकून दे ती. नुसतं वजन."

पुढे एक ट्रक रडत चढत होता. मी त्याच्या मागे राहिले. ओव्हरटेक करायला जागा होती, पण मला समोर काहीतरी बघायला हवं होतं. मी म्हटलं, "अब्बा, तेव्हा मी चुकले."

"नाय गो," ते म्हणाले. "तू बरोबर होतीस. म्हणून तर." आणि खिडकीची काच खाली केली.

वर माकडं होती, पण थोडीच. अब्बा म्हणाले, पूर्वीइतकी नाहीत. आम्ही चहा घेतला, कागदी कपात, साखर फार. त्यांनी गावी वाटायला गुलाबपाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या, प्रत्येक उघडून वास घेऊन. डाळिंबं बघितली आणि हातात धरून परत ठेवली, सामान भरलं होतं. दुपारची जुहरची नमाज त्यांनी एका छोट्या मशिदीत पढली, मी बाहेर पायरीवर बसले. वारा गार होता. सना असती तर म्हणाली असती, आलं. मी तिला फोटो पाठवला, तिने एक हृदय पाठवलं. अब्बांनी पायरीवर बसून बूट घातले. मी मनात म्हणत होते, विचारा. काहीही विचारा, मी चुकीचं उत्तर देते. ते म्हणाले, "यल्ला, निघू."

उतरताना ते झोपले. किंवा डोळे मिटून बसले. ब्रेकचा पाय मात्र वळणावळणाला हलत होता. जेद्दा जवळ आलं, समुद्राची दमट हवा एसीतूनही कळायला लागली, तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, "वाटेत तुझ्या अम्मीकडे जाऊन येतो."

मी गाडी कब्रस्तानाच्या भिंतीशी लावली. अस्रची वेळ झाली होती, ऊन पिवळं. मी गाडीतच बसले. इथे बायकांना आत सोडत नाहीत. अम्मीला आणलं त्या दिवशीही मी आणि सना अशाच भिंतीबाहेर गाडीत बसलो होतो, एसी लावून, आणि पुरुष आत गेले होते. मी अजून ती जागा बघितलेली नाही. इथे कबरीवर नावही नसतं, नुसता एक दगड. आमच्या घरात ती जागा ओळखणारा एकच माणूस. तो दर शुक्रवारी बसने इथे यायचा, चौदा महिने, एक शुक्रवार चुकवला नाही.

ते आत गेले. गेटावर एक माणूस खुर्ची टाकून बसला होता, त्याने त्यांना सलाम केला. मी भिंतीकडे बघत बसले. भिंतीला पिवळा रंग, खाली ओलाव्याचे पोपडे. वीस मिनिटं झाली असतील. अब्बा आले तेव्हा गुडघ्यांवर धूळ होती. त्यांनी ती झटकली नाही. बसले, दार लावलं, पट्टा ओढला आणि लावायच्या आधीच हातात धरून थांबले.

"एक विचारू काय?"

मी म्हटलं, "विचारा."

"आता तिच्याकडे कोण जाईल?"

सना समुद्रापलीकडे. मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि याच गल्लीत राहायला आले तरी गेटाच्या बाहेर. या शहरात परवापासून आमचं कुणी पुरुषमाणूस उरत नव्हतं. उत्तर दोन शब्दांचं होतं, कुणी नाही, आणि ते त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. मला एकदम इतकं वाईट वाटलं की स्टिअरिंग धरलेले हात दिसेनात.

"मी जाईन," मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले.

"महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. सकाळचं विमान असतं, दहाला इथे पोचते. तो गेटावरचा म्हातारा आहे ना, त्याच्याशी मी बोलले आहे. तो म्हणाला, जुम्म्याच्या नमाजेला सगळे मशिदीत असतात, तेव्हा ये बेटी. तेव्हा तो सोडतो. एकाच बाईला सोडतो, जिची अम्मी आत आहे तिलाच."

गेटावरचा माणूस म्हातारा नव्हता, चांगला माझ्या वयाचा होता, आणि दहा हातांवर आम्हाला दोघांना दिसत होता. अब्बांनी त्याच्याकडे बघितलं. मग पट्टा लावला.

"आत गेलीस की सरळ जायचं," ते म्हणाले. "पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथून डावीकडे तिसरी रांग. रांगेत अकरावा दगड. जरा तांबूस आहे, वरून फुटका. दुसऱ्या कुणाचा नाय तसा."

"टाकीपर्यंत सरळ. डावीकडे तिसरी रांग. अकरावा. तांबूस, वरून फुटका."

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"बरोबर," अब्बा म्हणाले.